शिवून टाकलेली पानं

जगातलं सगळं दुःख सुईदोऱ्यानं आवरता येतं, असं खरोखर मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो माझ्या थोरल्या जावेचा मामा होता. जावेचा मामा म्हणजे आपला तसा कुणीच नाही. पण येरमाळ्यात सगळे त्यांना मामाच म्हणत, आणि मीही म्हणायची. स्टँडच्या समोर, उसाच्या रसवंतीला लागून त्यांचं शिलाईचं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल, कापडाच्या चिंध्यांचा डोंगर आणि त्या डोंगरामागे कुठंतरी मामा. मी गावचं वाचनालय चालवते. कपाटाला क्रमांक, पुस्तकाला चिठ्ठी, घरी किराण्याला यादी, औषधांना वेगळी यादी, असा माझा कारभार. त्यामुळे मामांचं आणि माझं पटावं असं वरवर काहीच नव्हतं. दिवाळीला दिलेलं माझं पोलकं त्यांनी संक्रांतीच्या तोंडावर हातात ठेवलं आणि वर म्हणाले, "बाई, यंदा योगायोगानं दिवाळीच लवकर आली बघा."

योगायोग हा त्यांचा आवडता शब्द. त्यांच्या गळ्यात फीत लोंबत असायची, पण लहान पोरांना त्यांनी ती कधी लावली नाही. "लेकरू फितीत गोठतं. गोठलेल्या लेकराचं माप खोटं येतं," म्हणायचे. पोराला सांगायचे, पळत जाऊन रसवंतीच्या खांबाला शिवून ये. ते पळत जाऊन येईपर्यंत मामांच्या डोळ्यांनी माप घेतलेलं असे, आणि फ्रॉक असा बसे की शहरातल्या दुकानातला लाजावा. आतल्या बाजूला मात्र ते नेहमी भरपूर कापड दुमडून ठेवत, कच्चा टाका घालून. "पोरगी वाढती, कापड न्हाय वाढत. दरसाली घेऊन या, उसवून देतो." उसवायला आलेल्या पोरीला आधी रस पाजायचा, मग तिच्या उंचीचं कौतुक, मग तिच्या आईची विचारपूस. एका दुमडीच्या कामाला अर्धा दिवस जायचा. ज्यांना घाई असे ती माणसं शेजारच्या वाशी गावात शिवायला टाकत.

ज्यांच्याकडे कापडच नसे, त्यांच्यासाठी मामांकडे "उरलेला तुकडा" असे. शाळा उघडायच्या दिवसांत एखादी बाई फाटक्या गणवेशातलं पोर घेऊन दुकानावरून नुसती गेली, तरी मामा हाक मारत, "अगं ये इकडं. कुणाचं तरी कापड उरलंय, योगायोगानं ह्याच्याच मापाचं. न्हायतर उंदरं खातील." एका वर्षी म्हणे कुणाच्या तरी एका पँटच्या कापडातून एवढं उरलं, की त्यात तीन पोरांचे गणवेश झाले. मी विचारलं, "मामा, ती पँट कुणा हत्तीची होती का?" तर मशीनचा पाय न थांबवता म्हणाले, "व्हय. गिऱ्हाईक जरा अंगानं हुतं."

हे असं आडून देण्याचं कारण माझ्या जावेनं मला सांगितलं होतं. मामांचे आईवडील ते लहान असतानाच गेले. वाढले ते नातेवाइकांच्या घरी, आणि त्या घरात प्रत्येक भाकरीबरोबर ती कुणी दिली हे वाढलं जायचं. जेवलास का, म्हणून कुणी विचारलं तर अजूनही मामा "जेवलो" म्हणत, मग पोटात काही असो नसो. आपण दिलेलं दुसऱ्याच्या घशात अडकू नये एवढीच त्यांची धडपड. म्हणून देणारा कुणी नाहीच, सगळं योगायोगानं.

आता त्या पुस्तकाबद्दल. आमच्या वाचनालयात कुठल्याशा थंड मुलखातली, फार जुनी, जाडजूड कादंबरी आहे, मराठीत आणलेली. मामांनी आयुष्यात वाचलेलं पुस्तक ते एकच, पण पुन्हा पुन्हा. त्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "आपलं पुस्तक" म्हणायचे, आणि मी दुसऱ्या कुणाला दिलं तर रुसायचे. त्यात एक पोरकी मुलगी आहे. चुलता तिला घराबाहेर काढतो. ती उपाशी, मार खात, गावोगाव भटकते आणि शेवटी बर्फात एका घड्याळवाल्याच्या पायरीवर कोसळते. तो घड्याळवाला आणि त्याची म्हातारी बहीण तिला आत घेतात, आणि पुढं कळतं, की त्या म्हातारीनंच तिच्या आईचं बाळंतपण केलं होतं. मुलीचा बाप खलाशी. लेक मेली असं त्याला सांगितलेलं. एकदा दोघं एकाच बंदरावर येतात, पण तिची होडी लागते तेव्हा त्याचं जहाज निघत असतं. तो तिला कठड्यावरून बघतो, ओळखतो, आणि जहाज निघून जातं. दुसऱ्यांदा तो बिघडलेलं घड्याळ घेऊन नेमका त्याच दुकानाची पायरी चढतो.

मला हे सगळं फार सोयीचं वाटायचं. मी म्हटलं, "मामा, एवढ्या मोठ्या देशात ती नेमकी त्याच पायरीवर कशी पडली?"

"कुठंतरी पडणारच की बाई," मामा म्हणाले. "उचलणारा भेटला, की पायरी आपोआप नेमकी हुती."

एकदा एका निवृत्त गुरुजींनी ते पुस्तक परत आणून माझ्या टेबलावर आपटलं. "बाई, ही मुलगी चुलत्याच्या दारात उभी असते आणि पान उलटलं की घड्याळवाल्याकडे दूध पीत असते. मधे काय विमानानं गेली काय?" मी पुस्तक उघडून बघितलं. मधली पानंच्या पानं कडेनं एकत्र शिवून टाकलेली, बारीक, एकसारख्या टाक्यांनी, जणू उशीचा अभ्रा. मुलीच्या हालअपेष्टांचा एकूण एक भाग बंद. मी तशीच दुकानावर गेले. मामांनी नाकारलं नाही. "दर खेपेला ते लेकरू मार खातंय. म्या किती येळा बघू? आता कुणी हात लावायचा न्हाय तिला." नियमाप्रमाणे पुस्तकाची भरपाई घ्यायची होती. मी फक्त एवढंच म्हणाले, "अहो, तिचे हालच शिवून टाकले, तर ती सापडली त्याचं वाचणाऱ्याला काय वाटणार?" मामांनी यावर बराच वेळ सुईत दोरा ओवला. दोरा आधीच ओवलेला होता.

कारण मामांचं स्वतःचं एक पान त्यांनी याहून घट्ट शिवलेलं होतं. मामी लवकर गेल्या. एकुलती लेक त्यांनी एकट्यानं वाढवली, वेण्या घालण्यापासून डबा करण्यापर्यंत. तिनं आपल्या मनानं लग्न जमवलं. मुलगा सोनारीचा, भैरवनाथाच्या देवळापाशी नारळ-फुलांचं दुकान असलेला, कष्टाळू. पण तिनं बापाला आधी सांगितलं नाही, लग्न करूनच दारात आली. आणि गावातल्या प्रत्येक पोराला रस पाजणारा हा माणूस उंबऱ्यात उभा राहून तिला म्हणाला, "आता आलीस ती आलीस, परत यायचं न्हाय." तेवढं बोलून दार लावलं. ती गेली. दोघांनी शब्द पाळला.

मामांनी नंतर काय करावं? दर रविवारी सोनारीला जायला लागले. दारात येडेश्वरीसारखी देवी असताना हा माणूस एसटीच्या दोन गाड्या बदलून भैरोबाला नारळ फोडायला जातो, याची गावाला गंमत वाटायची. "मामा, येडाई रुसंल हं," रसवंतीवाला म्हणायचा. मामा म्हणायचे, "येडाईनंच धाडलंय." जावयाच्या दुकानासमोरून जाताना तोंडावर टॉवेल घ्यायचे, नारळ दुसरीकडून विकत घ्यायचे, आणि संध्याकाळपर्यंत देवळाच्या पायऱ्यांवर बसून परत यायचे.

मी एकदा चिडून म्हटलं, "घर माहीत, गल्ली माहीत. सरळ जाऊन कडी वाजवा की. पायऱ्यांवर कसली वाट बघता?"

"म्या गेलो तर ते जाणं झालं," मामा म्हणाले. "कुठं गाठ पडली, तर ती भेट झाली."

मग मामांच्या घशाचं दुखणं निघालं. आवाज बसत बसत फुंकरीएवढा झाला. बार्शीच्या दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण अशी कामं माझ्याकडेच येतात. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले, आणि मी घरी येऊन सोनारीला फोन लावला.

"बाबांनी बोलावलंय का?" लेकीनं विचारलं.

"नाही."

"मग नको काकू. मी आपणहून आले आणि त्यांनी परत दार लावलं, तर मला नाही सोसायचं."

"येरमाळ्याला येऊ नकोस. बार्शीच्या स्टँडवर ये. तुझ्या पोरीला काहीतरी घ्यायला म्हणून."

"म्हणजे योगायोगानं?" असं तिनं विचारलं, ते थेट मामांच्या सुरात.

मामांच्या तपासणीच्या दिवशी मी गाड्यांच्या वेळा जुळवल्या. दवाखान्यातून मामांना आणून स्टँडच्या कँटीनसमोरच्या बाकावर बसवलं. लेक सोनारीहून ज्या गाडीनं येणार, ती परांड्याची गाडी यायची होती. ती येईना. मी चहा मागवला, मग आणखी एक.

"बाई, तुमाला तर चहा आवडत न्हाय," मामा पुटपुटले.

येरमाळ्याची गाडी लागली. मी म्हटलं, "जाऊ द्या ही, फार गर्दी आहे." मामांनी गाडीकडे बघितलं. निम्म्या जागा रिकाम्या होत्या. "व्हय," ते म्हणाले, "लई गर्दी हाय." आणि पुन्हा बसले. पण पुढची गाडी लागेपर्यंत त्यांना बसवेनासं झालं. अंगाला कापरं सुटलं, मान माझ्या खांद्यावर आली. मग मात्र मी त्यांना गाडीत चढवलं आणि खिडकीशी बसवलं.

स्टँडच्या फाटकात आमची गाडी क्षणभर अडली, कारण समोरून परांड्याची गाडी आत येत होती. दोन्ही गाड्या खिडकीला खिडकी लागून उभ्या राहिल्या. पलीकडे लेक बसलेली, पदरानं घाम पुसत, पुढच्या दाराकडे बघत उतरायच्या घाईत. सीटवर उभी राहून एक लहान मुलगी खिडकीच्या गजांशी खेळत होती. मामांनी काचेवर हात ठेवला. मी उठून कंडक्टरला हाक मारेपर्यंत घंटी वाजली होती, गाडी रस्त्याला लागली होती. मी ओरडणार, तोच मामांनी माझं मनगट धरलं.

"बसा बाई. पयल्यांदा चुकतंच. पुस्तकात बघा की."

"अहो मामा, ती तिथं—"

"बघितली म्या. पोर तिच्याच वळणावर गेलीया." पुष्कळ पुढं आल्यावर म्हणाले, "तुमी जमवलं हुतं न्हवं?"

मी हातातल्या तिकिटांची उगाच घडी घालत बसले.

"जमवलेलं बी चालतं," मामा म्हणाले. "फकस्त पुढच्या खेपेला गाडी येळंवर आणा."

मी रात्री फोन करून लेकीला सगळं सांगितलं आणि पुढच्या तपासणीचा दिवस ठरवला. इकडे मामा, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली असताना, मशीनवर जाऊन बसले. पिवळं, बारीक फुलांचं कापड. मी विचारलं, कुणाचं हे? "उरला हुता तुकडा." कापडाला दुकानाची किमतीची पट्टी तशीच चिकटलेली होती.

पुढच्या तपासणीचा दिवस उजाडायच्या आधीच मामा गेले. लेक आली, ती अंत्यविधीला. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

दहावं झाल्यावर दुकान आवरायला आम्ही दोघी गेलो. बरोबर तिची पोरगी. खिळ्याला तो पिवळा फ्रॉक टांगलेला होता. मी काढून लेकीच्या हातात दिला. पोरीनं अंगात घातला. खांदे, गळा, बाही, सगळं जागच्या जागी. लेकीनं माझ्याकडे बघितलं.

"त्यांनी हिला कधी बघितलं?"

"गाडी अडली होती तेवढंच."

"मग उतरले का नाहीत काकू?"

मी तिला पुस्तकातलं बंदर सांगितलं. पहिल्यांदा जहाज निघून जातं ते.

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा भेटतात."

ती शिंप्याची लेक. तिनं पोरीला जवळ ओढून फ्रॉकची कड उलटी केली, आणि तिथंच स्टुलावर बसली. आत कापडाची दुमडीवर दुमड होती, खाली, कमरेला, बाहीला. सगळीकडे कच्चा टाका. पोरगी बरीच मोठी होईपर्यंत पुरेल एवढं. "हे उसवून घ्यायला मला दरसाल त्यांच्याकडंच यावं लागलं असतं," ती म्हणाली, आणि उलटलेली कड पुन्हा सरळ केली.

कापडांच्या ढिगात आमचं पुस्तकही सापडलं. शिवलेल्या पानांवरून तिनं बोट फिरवलं. "यात काय आहे?"

"मुलीचे हाल."

तिनं न बघता मशीनच्या खणात हात घातला. ब्लेड कुठं असतं ते तिला अजून माहीत होतं. एकेक टाका तोडून तिनं ती पानं मोकळी केली आणि तिथंच वाचायला लागली. बाहेर पिवळा फ्रॉक रसवंतीच्या खांबाला शिवून परत येत होता, पुन्हा जात होता. गाडीची वेळ झाली तेव्हा ती पुस्तक हातातच घेऊन गेली. मी नोंद केली नाही. परत मागितलंही नाही.

मामांचं मशीन आता वाचनालयात खिडकीपाशी आहे. परवा मी कपाटं लावत होते, तर दारात लेक उभी. पोरगी वाढलीय, फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला होता, आणि खालची पहिली दुमड उसवायची होती.

"योगायोगानं इकडंच निघाले होते काकू," ती म्हणाली.

सोनारीहून येरमाळ्याला तिचं दुसरं काय काम निघणार?

"बरं झालं," मी म्हटलं. "मी चहाच ठेवत होते."