नानाकाकांना घातलेले हार

मी आयुष्यातला पहिला प्रोग्राम लिहिला, तो चालवला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या घराण्यातले एक धडधाकट गृहस्थ तीन शहरांत एकदम दिवंगत झाले.

प्रोग्राम म्हणजे संगणकाचा. मी उज्जैनला, माधवनगरात राहते. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका भजनी मंडळात जाऊ लागल्या, मी मोबाइलवरच्या एका फुकट शिकवणीत जाऊ लागले. तिथले सर हिंदीत शिकवायचे आणि अधूनमधून गरजायचे, "डरना नहीं है!" मी डरले नाही. तिथेच चुकलं.

शिकलेलं वापरायचं कुठे, हा प्रश्न होता. (गणिताचंही तेच असतं, पण ते मी मुलांना कधी कळू दिलं नाही.) तेवढ्यात भोपाळहून माझे चुलत दीर सुरेशभाऊजी यांचा फोन आला.

"शैला, नव्या फ्लॅटची वास्तुशांत ठरलीय. हॉलमध्ये अप्पांचा मोठा फोटो लावायचाय. तरुणपणचा. तुमच्याकडच्या अल्बमात असेल ना?"

अप्पा म्हणजे भाऊजींचे वडील, आणि माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. एकूण चार भाऊ. अप्पा, भाऊ, माझे सासरे दादा आणि धाकटे नाना. चौघं उज्जैनचे. छप्पन साली मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश झाला आणि त्या धांदलीत आमचं घरही मोडून चार ठिकाणी झालं. अप्पा सरकारी नोकरीत होते, ते राजधानीबरोबर भोपाळला गेले. भाऊ इंदूरला, नाना ग्वाल्हेरला. दादा तेवढे उज्जैनला राहिले, आणि अल्बम त्यांच्याकडे राहिला.

आता मेख अशी की नानांचं लग्न नेमकं त्याच दिवसांत होतं, आणि अप्पांना रजा मिळाली नाही. कचेरीच्या फायली पेट्यांत भरून भोपाळला पोचवायच्या होत्या. नाना भडकले. "सख्ख्या भावाच्या लग्नापेक्षा फायली मोठ्या?" म्हणाले, आणि भोपाळला पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतली. ती त्यांनी इतकी कडक पाळली की अप्पा वारले तेव्हाही ते गेले नाहीत. (आजारी होतो, असं ते सांगतात. रुसले होते, असं बाकीचे सांगतात.) चौघांतले आता ते एकटेच उरलेत. पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि आवाज अजून असा की ग्वाल्हेरहून बोलताना फोनची गरज नसावी.

तर अल्बम. मी म्हटलं, एकट्या अप्पांचा फोटो कशाला? सगळाच अल्बम स्कॅन करू आणि चारही घरांना पाठवू! प्रत्येक घराचं एक फोल्डर, त्यात त्या घराचे फोटो. शिवाय 'सर्वांसाठी' असं पाचवं फोल्डर, त्यात समाईक फोटो. म्हणजे गणेशोत्सवातली नाटकं, आणि पहिल्या पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभे असलेले चौघं भाऊ. (सगळे इतके ताठ की झेंड्याची काठी कुठली हे शोधावं लागतं.) हे समाईक फोटो चारही फोल्डरांत टाकायचे. एवढंच काम.

स्कॅनिंगसारखी हलकी कामं मी आमच्या ह्यांच्याकडे दिली. मी प्रोग्रामर होते.

"अगं, पण हे फोटो हाताने टाकायला असा कितीसा वेळ लागणार?" हे म्हणाले. "चहा होईस्तोवर होऊन जाईल."

"आज चार घरं आहेत. उद्या चारशे झाली तर?"

"आपल्या घराण्यात? सगळ्यांना मिळून नातवंडं किती आहेत, माहितीय ना?"

थोर माणसांना घरात असंच ऐकून घ्यावं लागतं.

प्रोग्राम लिहायला बरेच दिवस गेले. एखादं अवतरण चिन्ह राहून जायचं आणि पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी शिव्या यायच्या. कधी संगणक म्हणायचा, असं फोल्डरच नाही. मी त्याला बोट लावून दाखवायची, "हे काय! दिसत नाही का?" त्या दिवसांत आम्ही सकाळी पोहे, दुपारी पोहे आणि एकदा तर संध्याकाळीही पोहे खाल्ले. हे शेव घालून निमूट खात राहिले. शेवटी एका दुपारी बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. लाल अक्षर नाही, तक्रार नाही. उघडून बघते तो काय, समाईक फोटो चारही फोल्डरांत हजर!

मी अशी ओरडले की शेजारच्या शर्माभाभी धावत आल्या. "क्या हुआ? गिर गए क्या?"

"नहीं, कॉपी हो गया!"

"अच्छा," म्हणाल्या, आणि त्यांनी सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं.

पेन ड्राइव्ह कुरिअरने भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेरला गेले. आमच्या फोल्डरातला पहिला फोटो, म्हणजे दादांचा, मी मोठा करून घेतला, फ्रेम केला, चंदनाचा हार घातला आणि ह्यांच्यासमोर धरला. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, भरघोस मिशी! ह्यांनी चष्मा काढला, परत लावला.

"बाबा जरा निराळे दिसतात, नाही?"

"तरुण होते."

"मिशी कधी ठेवली होती त्यांनी?"

"तुम्ही जन्मायच्या आधी."

"मी हा फोटो कुठेतरी पाहिलाय."

"पाहिला असणारच! तुम्हीच स्कॅन केलाय!"

आम्ही फोटो बैठकीत लावला. मी रोज सकाळी उदबत्ती ओवाळू लागले.

वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी सुरेशभाऊजींनी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. हॉलची भिंत, दाराएवढी फ्रेम, हार, समई. खाली ओळ होती, 'ती. अप्पांच्या पवित्र स्मृतीस वंदन.' लगेच हात जोडलेल्यांची रांग लागली. कुणी लिहिलं, 'काय तेज!' कुणी लिहिलं, 'डोळ्यांतला करारीपणा बघा.' मग इंदूरची माझी जाऊ स्मिता कशी मागे राहील? तिनेही आपल्या सासऱ्यांचा, म्हणजे भाऊंचा, हार घातलेला फोटो टाकला. 'आमचे ती. भाऊ.'

मी अप्पांकडे पाहिलं. भाऊंकडे पाहिलं. मग मान वर करून भिंतीवरच्या दादांकडे पाहिलं. भाऊ-भाऊ एकमेकांसारखे दिसायचे, हे मी ऐकून होते. पण टोपीवरची सुरकुतीसुद्धा सारखी?

"अहो!" मी हाक मारली. "जरा अल्बम आणा!"

समाईक फोटोंतला पहिला फोटो उलटा केला. मागे सासऱ्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'गणेशोत्सवातील नाटक. चि. नाना, मामलेदाराच्या भूमिकेत.'

झालं होतं असं. आमचा स्कॅनर प्रत्येक फोल्डरात नव्याने एकपासून आकडे टाकायचा. त्यामुळे अप्पाही 'फोटो-१', भाऊही 'फोटो-१', दादाही 'फोटो-१', आणि समाईकातला मामलेदारही 'फोटो-१'. एका फोल्डरात एका नावाच्या दोन फायली राहत नाहीत. नवी आली की जुनी मुकाट्याने जागा सोडते. माझ्या प्रोग्रामने मामलेदाराला घरोघरी नेऊन बसवलं आणि घरच्या कर्त्या पुरुषाला उठवलं! ग्वाल्हेरहून तक्रार नव्हती, कारण तिथे नानांच्या जागी नानाच गेले होते. (हा इशारा सरांनी त्याच धड्याच्या शेवटी दिला होता. मी तेव्हा चहा टाकायला उठले होते.)

"म्हणजे मी रोज..." मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"नानाकाकांना उदबत्ती ओवाळतेयस," हे म्हणाले. "टेन्शन मत ले. नानांना कुठे कळणार आहे?"

फोन वाजला. ग्वाल्हेर! नाना ग्रुपवर कधी काही लिहीत नाहीत, पण वाचतात सगळं.

"सूनबाई," नाना म्हणाले, "मी कधी गेलो गं?"

"कुठे, नानाकाका?"

"तेच विचारतोय! भोपाळला मला हार, इंदूरला मला हार. घरात कुणी काही बोलत नाही. आत्ताच जेवलो, तेव्हा तर बरा होतो!"

मी चाचरत फोल्डर, फायली, आकडे, आमच्याही भिंतीवरचा हार असं काहीबाही सांगितलं. 'फायली' हा शब्द ऐकताच नानांनी मला मध्येच तोडलं.

"पुन्हा फायली?" नाना म्हणाले. "ठीक आहे. मी भोपाळला निघतोय. स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःचं दर्शन घेतो!"

फोन बंद. इतक्या वर्षांचा रुसवा, वर जिवंतपणी हार, तोही अप्पांच्याच घरात. भर वास्तुशांतीत नाना काय काय बोलतील, या विचाराने मला पोहेसुद्धा जाईनात. भाऊजींना फोन करून खरं सांगावं म्हटलं, तर ते इतक्या आनंदात होते की माझ्या तोंडून एवढंच निघालं, "वा, छानच झालाय हं फोटो." शेवटी अप्पांचा खरा फोटो अल्बमातून काढला, आहेर म्हणून भैरवगढची छापील चादर घेतली, आणि वास्तुशांतीच्या सकाळी आम्ही दोघं पहिल्या बसने निघालो. नानांच्या आधी पोचायचं आणि गुपचूप फोटो बदलायचा!

बस आष्ट्याला पंक्चर झाली.

आम्ही पोचलो तेव्हा हॉल पाहुण्यांनी भरला होता, गुरुजी मंत्र म्हणत होते, आणि दारात काठी टेकत नाना उभे होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. मुद्दाम! गुरुजींची नजर नानांवरून भिंतीवर गेली, भिंतीवरून नानांवर आली, आणि मंत्र घशातच राहिला.

"चालू द्या," नाना म्हणाले. "माझंच चाललंय ना?"

सुरेशभाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. मी चादर छातीशी धरून म्हटलं, "फायलींचं नाव एकच होतं..."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. आक्काकाकू! अप्पांच्या पत्नी, नव्वदीच्या.

"फ्रेम आली त्या दिवसापासून सांगतेय, हा आमचा नाना आहे म्हणून! पण माझं ऐकतंय कोण? म्हणे आक्काला दिसत नाही. नवऱ्याचा फोटो मला दिसत नाही होय?" मग त्यांनी नानांना नीट न्याहाळलं. "आलास का रे शेवटी? हार घातला की येतोस, हे माहीत असतं तर मागेच घातला असता!"

आणि मग नाना हसले. एवढ्या जोरात की समईची ज्योत हलली. ते हसले म्हणून भाऊजी हसले, गुरुजी हसले, आणि मी तिथेच सतरंजीवर बसकण मारून रडले. (आनंदाने. थोडं पंक्चरमुळेही.)

मी पिशवीतून अप्पांचा खरा फोटो काढला. नानांनी तो हातात घेतला आणि उपरण्यासारखा कोटाच्या बाहीने पुसला.

"नाटकातला कोट त्याचाच होता," ते म्हणाले. "मी मागितला, आणि त्यानं अंगातला काढून दिला. स्वतः पावसाळी गारठ्यात प्रयोग बघत बसला." मग ते आक्काकाकूंशेजारी खुर्ची ओढून बसले. "वहिनी, त्या वेळी खरंच रजा मिळाली नव्हती?"

"दोनदा अर्ज केला रे. नाही मिळाली."

"हं," नाना म्हणाले. एवढंच. पण जेवायच्या वेळी दोघांची पानं शेजारी मांडायला त्यांनीच सांगितलं. भिंतीवरचा चंदनाचा हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला. "माझ्याच नावाने आणलाय, वाया कशाला घालवायचा?" कुणीतरी म्हणालं, "नाना, आयुष्य वाढलं हो तुमचं!" तर लगेच म्हणाले, "तीन शहरांत वाढलंय. आता इंदूर आणि उज्जैन बाकी आहेत." आणि खरंच, तिथून ते आमच्याबरोबर निघाले, इंदूरला स्मिताकडे राहिले, मग उज्जैनला आमच्याकडे आले आणि रोज पहाटे रामघाटावर फिरायला जाऊ लागले. अप्पांचा खरा फोटो भोपाळच्या फ्रेममध्ये बसला. सुरेशभाऊजी मात्र फोनवर अजून कुरकुरतात, "हे अप्पा ठीक आहेत. पण आधीच्या अप्पांचा रुबाब काही औरच होता!"

त्या वास्तुशांतीला भाऊजींची मुलगी ऋचा आली होती. मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काकू, तो प्रोग्राम दाखवा ना." मी लॅपटॉप बरोबर नेलाच होता. (प्रोग्रामर कुठेही जाताना नेतो.) तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग परत वर जाऊन वाचलं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "हा चाललाच कसा?"

"बटण दाबलं आणि पहिल्याच फटक्यात!" मी म्हटलं.

तिने लॅपटॉप अलगद मिटला आणि कपाळाला हात लावला. भारावली असणार.