जुना फिल्टर जमा करा

त्यांना सगळे स्टोअरकाका म्हणत. उभा जन्म एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये, जाळीच्या खिडकीमागे गेला आणि त्या खिडकीतून त्यांनी कुणालाही साधा बोल्टसुद्धा सुखासुखी दिला नाही. नियम एकच, जुना जमा करा, नवा घेऊन जा. तुटलेला पाना आणा, झिजलेला पट्टा आणा, मग बोला. एकदा खुद्द मोठे साहेब हातमोजे मागायला आले, तर काका म्हणाले, "आधीचे कुठे आहेत?" साहेब बिचारे हात खिशात घालून परत गेले. आणि जमा झालेलं जुनं? ते टाकायचं नाही, मागच्या मांडणीवर रचून ठेवायचं. का, तर लागलं तर.

काका निवृत्त झाले आणि हे 'लागलं तर' त्यांच्या पाठोपाठ घरी आलं. काकू वस्ताद. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की स्वयंपाकघर माझं, तिथे तुमची खिडकी उघडायची नाही. मग काकांच्या ताब्यात उरले नळ, पंखे आणि झोपायच्या खोलीतला एसी. एसीवर त्यांचा भारी जीव. पुढची जाळी धुवायची, मागचा घड्याघड्यांचा फिल्टर मळला की बदलायचा, हे काम त्यांनी कधी चुकवलं नाही. एसी भिंतीवर काकूंच्या बाजूला होता, कारण काकूंना उकाडा सहन होत नसे आणि काकांना काकूंची कुरकुर.

सगळं बरं चाललं होतं, तोच काकूंना शिंका सुरू झाल्या. पाठ टेकली की शिंक. तीही एकटी यायची नाही, सगळं खानदान घेऊन यायची. डॉक्टर म्हणाले, धूळ टाळा. काकूंनी पडदे धुतले, गादी उन्हात घातली, काही फरक पडेना.

"फिल्टर कुचकामी आहे," काकांनी निकाल दिला आणि दुकान गाठलं.

"सगळ्यात बारीक फिल्टर कुठला?"

"तुमचं मशीन कुठलं आहे, काका?" दुकानदाराने विचारलं.

"मशीनचं मी बघतो. बारीक कुठला ते सांगा."

"हा आहे. पण हा धुळीबरोबर हवाही अडवतो. तुमच्या मशीनला दम लागेल. त्यापेक्षा हा मधला न्या."

आता, जन्मभर जो माणूस खिडकीच्या आत बसला, त्याला बाहेर उभं राहून कुणाचं ऐकायची सवय कुठून असणार? काकांनी बारीकच उचलला. घरी बसवला आणि एसीला खरंच धाप लागली. हवा येईना, आत बर्फ धरला, आणि तो वितळला तो नेमका काकूंच्या उशीवर. काकू ओल्या केसांनी उठून बसल्या. "अहो, शिंका बंद करायच्या होत्या, आंघोळ नव्हती घालायची."

काका नाक मुठीत धरून पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना पाहताच मधला फिल्टर काढून पुढे ठेवला. या वेळी काकांनी फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना, कडा नीट बसल्यात ना, सगळं पाहिलं. हवा झकास आली. काकू आडव्या झाल्या आणि शिंकल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बॅग भरली. "मी लेकीकडे जाते. तिथे मला एक शिंक येत नाही."

"तिच्याकडे कुठला फिल्टर आहे?"

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "मी चाललेय म्हटलं. ते ऐकू आलं का?"

लेक मागच्याच रस्त्यावर राहायची, पण घर रिकामं व्हायला तेवढं अंतर पुरतं. काका रोज फोन करून विचारत, "आई शिंकली का गं?" लेक म्हणे, "नाही बाबा, मस्त आहे ती. गाढ झोपते." बायकोला बरं वाटतंय म्हटल्यावर माणसाने खूश व्हावं. काकांना मात्र धास्ती वाटली. तिथेच बरं वाटत असेल तर ती परत कशाला येईल? मग त्यांनी तो प्रश्न विचारणंच सोडून दिलं, उगाच पाण्याच्या टाकीबद्दल वगैरे बोलत राहिले.

एके दुपारी ते जेवून पडले ते स्वतःच्या जागी नाही, काकूंच्या जागी. एसी लावला, काकूंची उशी पोटाशी धरली आणि डोळा लागणार एवढ्यात शिंकले. ज्या माणसाला कधी साधं पडसं माहीत नाही, तो चष्मा उडेपर्यंत शिंकला. काका उठून बसले. वरून एसीचा झोत सरळ खाली येत होता, पलंगाच्या कडेला लागून, पलंगाखालच्या खणाच्या फटीत, आणि फटीतून बारीक धूळ वर उडत होती.

तो खण काकांचा होता. त्यांनी तो ओढला.

आत एसी घेतल्यापासून बदललेले सगळे फिल्टर होते. ओळीने रचलेले, सुतळीने बांधलेले, आणि बऱ्याच गठ्ठ्यांवर काकांच्या सुबक अक्षरात चिठ्ठी, 'अजून थोडा जीव आहे'. मशीनने इतकी वर्षं जी धूळ इमानेइतबारे गाळून बाजूला काढली, ती काकांनी तितक्याच इमानेइतबारे नेऊन बायकोच्या उशाखाली ठेवली होती. वर आणि खापर मशीनमधल्या फिल्टरवर फोडलं होतं. काकांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते काही वेळ जमिनीवरच बसून राहिले.

तरी खोड बघा. पहिला विचार आला तो, गच्चीत हलवावेत का, हा. गठ्ठे दारापर्यंत नेलेही. मग मागे वळून त्या उशीकडे पाहिलं आणि नाकाला रुमाल बांधून ते तडक खाली उतरले. कचऱ्याची गाडी नुकतीच आली होती. गाडीवाल्याला या घरातून आजवर भाजीच्या देठांपलीकडे काही मिळालं नव्हतं.

"काका, हे सगळं टाकायचं? नक्की?"

"लवकर घे बाबा. माझं मन फिरायच्या आत."

खण दोनदा ओल्या फडक्याने पुसून काका तसेच लेकीच्या दारात जाऊन उभे राहिले. डोक्यात धूळ, नाक लाल. काकू बाहेर आल्या. काका त्यांच्यासमोर उभे होते ते कारखान्यातली माणसं त्यांच्या खिडकीसमोर उभी राहायची तसे.

"जुने सगळे जमा केले," ते म्हणाले. "गाडीत. एकही ठेवला नाही."

"कुठले जुने?"

काकांनी सांगितलं. न लपवता, चिठ्ठ्यांसकट सांगितलं.

"म्हणजे मी इतके दिवस तुमच्या स्टोअरवर झोपत होते?"

"हो."

"आणि आज कसं बरं कळलं तुम्हाला?"

काकांनी मान खाली घातली. "तुझ्या जागी झोपलो होतो."

"का?"

"तिथे तुझी उशी आहे."

लेकीला एकाएकी आत काहीतरी काम आठवलं. काकू आत जाऊन बॅग घेऊन आल्या. "त्या खणात आता माझे कपडे राहतील. आणि पुढचा फिल्टर बदलला की जुना थेट खाली. चालेल?"

"चालेल."

"आणि लागला तर?" काकू मुद्दामच म्हणाल्या.

काका बॅग उचलून जिना उतरायला लागले होते. "मला लागतं ते घेऊन चाललोय," ते म्हणाले, आणि पुन्हा शिंकले.