चौतीस इंची कट्टा आणि यात्रेच्या भाकरी

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेदहाची वेळ. किचनचं ठरलेलं बिल चार लाख दहा हजार रुपये, त्यातले साडेतीन लाख माझ्याकडे जमा. हजर माणसं पाच: घरमालक प्रवीण, त्याची बायको स्नेहल, आई आक्का, आमचे सुतार इकबाल मिस्त्री आणि मी. घर गडमुडशिंगीत, नवं बांधलेलं. ग्रॅनाइट बसलं होतं, गॅस जोडला होता. आक्कांनी जुन्या घरातून परात, तवा आणि पिठाचा डबा आणला होता. त्यांनी थापलेली तिसरी भाकरी मधोमध चिरली.

त्यांनी हात झटकले आणि माझ्याकडे पाहिलं.

"पावणं, ह्यो कट्टा हाय का बँकेचं काउंटर?"

गावची यात्रा एकोणीस दिवसांवर आली होती.

यात्रा म्हणजे आमच्याकडे मटणाचं जेवण. किती माणसं येतील ते घरच्यांनाही माहीत नसतं, कारण पाहुण्यांचेही पाहुणे येतात. दुपारी पंगती सुरू झाल्या की तीन तास थांबत नाहीत. वाटीतला रस्सा संपला की गरम रस्सा परत यायला हवा आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी. गार भाकरी वाढली तर पाहुणा तिथे काही बोलत नाही. घरी जाऊन बोलतो.

आक्कांनी तीस वर्षं या भाकरी परसातल्या चुलीपुढे, जमिनीवर बसून केल्या. आदल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून हे किचन. काम देतानाच प्रवीणने मला स्पष्ट सांगितलं होतं, "आईला झेपंल असं करा. यंदा जमलं तर यात्रा घरात. न्हाय जमलं तर पुढच्या वर्षीपासनं हॉल आणि केटरर."

आक्कांनी हे ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "केटररचं ताट वाढायचं असंल तर त्या दिवशी मी लेकीकडं जाते राधानगरीला."

तर ती चिरलेली भाकरी परातीत पडली होती आणि प्रवीण मोबाइल काढून केटररचा नंबर शोधत होता.

मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. किचन आखताना आम्ही शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्यातलं अंतर मोजतो. त्या तीन ठिकाणांना जोडणाऱ्या रेषांना वर्क ट्रँगल म्हणतात. तो इथे अगदी बरोबर होता. स्नेहलला हॉलकडे तोंड करून मधोमध आयलंड हवं होतं, म्हणजे चारही बाजूंनी मोकळा कट्टा. तेही दिलं होतं. उंची सगळीकडे चौतीस इंच, जी आम्ही सगळ्यांना देतो. चूक तिथेच होती. आक्कांची उंची चार फूट दहा इंच. चौतीस इंचांवर परात ठेवली की त्यांचे खांदे वर उचलले जात होते. भाकरी थापताना जोर वरून खाली यावा लागतो. त्यांचा जोर मनगटातच संपत होता.

"स्टूलवर उभं राहून करा की आई," प्रवीण म्हणाला.

"आनि पडले म्हंजे? दुसरा गुडघा करूया व्हय?"

मी दोन दिवस मागितले.

घरी आल्यावर टेप काढून आमचाच कट्टा मोजला. चौतीस इंच. बायकोला विचारलं, भाकरी करताना काही त्रास होतो का? ती म्हणाली, "पंधरा वर्षं खांदा दुखतोय. तुम्हाला आज कळलं?" मी तिच्या कोपराची उंची मोजली आणि वहीत लिहिली. ग्राहकाच्या कोपराची उंची मी तोवर कधी लिहिली नव्हती.

मंगळवारी आक्कांना आयलंडपाशी अठरा इंची स्टूलवर बसवलं. जमिनीपासून त्यांचं कोपर साडेसव्वीस इंचांवर आलं. इकबाल मिस्त्रींनी विटांवर फळी ठेवली आणि एकेक इंच खाली घेत गेले. आक्का प्रत्येक वेळी परातीत हात मारून बघत होत्या. चोवीस इंचांवर त्या थांबल्या.

"हितं. आता वर न्हाय, खाली न्हाय."

स्नेहलचा चेहरा उतरला. "सर, म्हणजे आयलंड गेलं?"

"जात नाही. बुटकं होतंय."

"आणि मी त्यावर भाज्या कशा चिरणार?"

"तुमचा भिंतीकडचा कट्टा चौतीसचाच राहतोय. हा आक्कांचा."

तिने हॉलकडे बघितलं. मग म्हणाली, "आईंचं तोंड हॉलकडे राहील ना? दरवर्षी परसात एकट्याच असतात."

"हॉलकडेच राहील."

मग तिने परत आयलंडचं नाव काढलं नाही.

खालची ड्रॉवर काढून टाकली, कारण तिथे गुडघे जायला हवे होते. ग्रॅनाइट तेच ठेवलं. परातीच्या डाव्या हाताला भोक पाडून एक शेगडी अशी खाली बसवली की तव्याची कड कट्ट्याच्या बरोबरीला यावी. परात ते तवा चौदा इंच. उठायचं नाही, वळायचंही नाही. गॅसची पाइप नेण्यासाठी फरशीची एक ओळ उकरली. वाढप्यांना आयलंडच्या उजवीकडून ताटं घेऊन बाहेर आणि डावीकडून खरकटं घेऊन सिंककडे, असा एकेरी रस्ता ठरवला. मी स्वतः तांब्या घेऊन चालून बघितलं. मोरीकडच्या भट्टीवरच्या रश्श्याच्या पातेल्यापासून शेवटच्या पानापर्यंत बावीस पावलं, आणि वाटेत कोणाला धक्का नाही.

काम यात्रेच्या तीन दिवस आधी संपलं.

यात्रेच्या दिवशी मी सव्वाबाराला पोचलो. पाहुणा म्हणून बोलावलं होतं, पण खिशात टेप होती. पहिली पंगत बसली आणि लगेच घोळ झाला. हॉलचा पंखा लावला की तव्याखालची आच एका बाजूला पळायची आणि भाकरी अर्धी कच्ची राहायची. पंखा बंद केला तर अठरा माणसं रस्सा खाऊन घामाघूम. हे मला सुचायला हवं होतं. इकबाल मिस्त्री जेवत होते. ते हात धुऊन उठले, गाडीतून पत्र्याचा तुकडा आणला, वाकवला आणि शेगडीच्या हॉलकडच्या बाजूला उभा केला. सात मिनिटं. पंखा परत सुरू झाला.

त्यानंतर काही अडलं नाही. आक्का थापत होत्या, त्यांच्या जाऊबाई भाजत होत्या, स्नेहल भिंतीकडच्या शेगडीवर दुसरा तवा सांभाळत होती. आक्कांना आता प्रत्येक ताट दिसत होतं.

"ए सुभ्या, सासुरवाडीत बसल्यागत जेवतोस की रं. वाढ गं त्याला."

"आक्का, चार झाल्या."

"मी मोजल्यात. तीन झाल्या."

वारणानगरहून आलेले त्यांचे भाऊ ताटावरून म्हणाले, "आक्के, तीस वर्षं यात्रेला येतोय, जेवताना तुझं तोंड पहिल्यांदा दिसतंय."

"मग बघून घे. आनि रस्सा घे."

पंगती चार झाल्या. पाहुणे एकाहत्तर, भाकरी एकशे अडुसष्ट. चौथ्या पंगतीआधी स्नेहलने भाकरी थापायला आक्कांचं स्टूल मागितलं. आक्का उठल्या, हात धुतले आणि भावाने सोडलेल्या खुर्चीवर पाहुण्यांच्या ओळीत बसल्या. तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात पडली. त्यांनी तुकडा मोडला, वाफ निघाली. दोन घास खाऊन त्यांनी मला हाक मारली.

"पावणं, उभं का? बसा जेवायला."

मी त्यांच्या शेजारी बसलो. प्रवीण वाढत होता. "पुढच्या वर्षीचं हॉलचं बुकिंग करायचं होतं न्हवं?" असं आक्कांनी त्याला विचारलं. त्याने पांढरा रस्सा वाढला आणि तांबडा आणायला गेला.

आता मी कोणाच्याही घरी गेलो की आधी विचारतो, पाहुणे आल्यावर इथे सगळ्यात जास्त वेळ कोण राबतं? मग त्या माणसाचं कोपर मोजतो. भिंती नंतर मोजल्या तरी चालतात, त्या कुठे जात नाहीत.

गॅसची नवी लाइन आणि फरशी यांचे साडेआठ हजार जादा धरून एकूण बिल चार लाख साडेअठरा हजार झालं. उरलेले अडुसष्ट हजार पाचशे प्रवीणने दुसऱ्या दिवशी मला दिले. वाया गेलेल्या ड्रॉवरचे आठ हजार सहाशे मी बिलात लावले नाहीत. जादा चार दिवसांच्या मजुरीचे सहा हजार इकबाल मिस्त्रींना माझ्या खिशातून दिले, आणि पत्र्याचे वेगळे दोनशे.