घाई नसलेली गाणी

"गानं संपल्याबिगर हात खाली घ्याचा नाई, काकाजी."

अकोल्यातल्या आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात हे वाक्य दिवसातून वीसेक वेळा तरी ऐकू यायचं. म्हणणाऱ्या आमच्या बाई. मी तपासून व्यायाम ठरवून द्यायची आणि तो पेशंटकडून करून घ्यायच्या त्या. ठेंगणा बांधा, पदर कमरेला खोचलेला आणि हात असे, की आखडलेला खांदा त्यांच्या हातात गेला की निम्मा तिथेच नरमायचा.

हे 'गानं' म्हणजे अमेरिकेतल्या एका लोकसंगीताच्या बँडचा अल्बम. अकरा गाणी. गिटार, बँजो, मधूनच माउथ ऑर्गन, आणि एक पुरुष व एक बाई जवळजवळ बसून हलक्या आवाजात गातायत असं वाटावं असं गाणं. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीने कधीतरी मला तो दिला होता. एके दिवशी रेडिओ बिघडला म्हणून मी तो स्पीकरवर लावला. बाई कोणाचातरी गुडघा वाकवत होत्या, त्या थांबल्या.

"हे कोन लोकं होय, मॅडम?"

"अमेरिकेतले आहेत. बंद करू?"

"राहू द्या. त्याईले काईच घाई नाई." थोडं ऐकून म्हणाल्या, "आपल्या पेशंटलेबी नसाले पायजे."

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडचं घड्याळ निरुपयोगी झालं. खांद्यासाठी कप्पीवरची दोरी दोन गाणी ओढायची, गुडघा एक गाणं वाकवायचा, कंबरेचा शेक तीन गाणी. इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या बाईंनी प्रत्येक गाण्याला नाव ठेवलं. एक रुसव्याचं, एक पाण्याचं. माउथ ऑर्गनवालं 'शकुंतलेचं'. त्यांचं माहेर मूर्तिजापूरकडचं. लहानपणी त्या मामाकडे अचलपूरला 'शकुंतला' नावाच्या छोट्या, संथ आगगाडीने जायच्या. "अशीच चाले ते," त्या सांगत, "पोट्टे खाली उतरून बोरं वेचत अन् पुन्हा चढत."

मी एकदा रुसव्याच्या गाण्याचा खरा अर्थ सांगायला गेले. त्यांनी हातानेच थांबवलं. "नोका सांगू. मी लावला तो चांगला हाय."

पेशंटनाही त्या गाण्यांचा लळा लागला. बाळापूरच्या एक काकू खांदा बरा झाल्यावरही महिनाभर येत राहिल्या. विचारलं तर म्हणाल्या, "घरी पोट्टे टीव्ही मोठ्ठ्यानं लावतात. येथी बरं वाटते."

एकच माणूस या सगळ्यापासून लांब होता. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. मुलगा आणून बसवायचा आणि ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. हात उचलायला गेलं की डाव्या हाताने झिडकारायचे. दीड महिना झाला, मी हात टेकले होते. अशा माणसाला आणून उपयोग नाही असं मुलाला सांगायचंही ठरवलं होतं. बाई म्हणाल्या, "आठ दिस थांबा. मानूस एवढं वर्स गाडी चालवत होता, आता त्याले कोनीबी उचलून कोठीबी ठेवते. राग येईन नाई त काय?"

त्याच आठवड्यात दुपारी लाइट गेली. स्पीकर जुना, विजेवर चालणारा. शकुंतलेचं गाणं मध्येच तुटलं. दोऱ्या ओढणारे हात जागच्या जागी थांबले. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच सुरू केलं. शब्द नाहीत, नुसतं 'हूं हूं' आणि 'ला ला'. सूर म्हणाल तर तोही नाही. काकू हसत हसत सामील झाल्या, मग दोघेतिघे आणखी.

तेवढ्यात टक-टक आवाज आला. ड्रायव्हरकाका भिंतीकडे तोंड करूनच डाव्या हाताने टेबलावर ठेका धरत होते. बाई ठेक्याच्या पुढे पळाल्या की ते जोरात ठोकून त्यांना मागे आणत. पुन्हा पळाल्या, पुन्हा ठोकलं. शेवटी काका वळले आणि कपाळावर हात मारून घेतला.

बाई गायच्या थांबल्या. "म्हंजे तुमी आयकून राह्यले होते! अन् मले वाटलं, रागच धरून बसले."

काका हसले. तोंड एकाच बाजूने हसलं, पण हसले. बाईंनी त्यांचा उजवा हात उचलून आपल्या हातात घेतला. त्या दिवशी काकांनी झिडकारलं नाही. दिवाळीपर्यंत काका काठी टेकत स्वतःच्या पायांनी आत यायला लागले.

दुसऱ्यांचे गुडघे वाकवता वाकवता बाईंचे स्वतःचे गेले. तीन वर्षांपूर्वी काम सोडून त्या मूर्तिजापूरला मुलाकडे गेल्या. गेल्या उन्हाळ्यात वारल्या. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

त्याआधीच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले होते. अंगणात उन्हाला बाजेवर बसल्या होत्या. शेजारच्या दोघी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. नातवाच्या फोनवर तोच अल्बम चालला होता. बाईंनी मला एकेका पेशंटचं विचारलं, नावाने नाही, दुखण्याने. बाळापूरचा खांदा कसा हाय? अन् ड्रायव्हर? मी सांगत होते आणि त्या मान हलवत होत्या.

शेंगा सोलणारी एक म्हातारी मला न्याहाळत होती. शेवटी तिने बाईंना विचारलं, "फोनात रोज गातात ते हे लोकं, तुमच्या दवाखान्यातलेच होय का वं?"

मी काही बोलणार, तोच बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हो माय," त्या म्हणाल्या, "आमचेच होय."