चपलांची रांग

मंडळी, आज नातीसोबत एका मोठ्या पार्कात आकाशपाळण्याच्या रांगेत दोन तास उभी होते. जादा पैसे भरलेले लोक बाजूच्या दारानं पुढं जात होते. लय राग आला.

मग पंच्याऐंशी सालच्या आसपासची पोखर्णीची जत्रा आठवली, ती नातीला सांगितली. हातानं फिरवायचा लाकडी पाळणा, डबे चारच. लोक रांगेत आपापल्या चपला ठेवून लिंबाखाली बसायचे. ऊसतोडीला जाणाऱ्या एका अनवाणी मावशीनं दगड ठेवला होता.

सरपंच दुप्पट पैसे घेऊन आले. “आमच्या पोरीला आधी बसीव.”

पाळणेवाली म्हणाली, “मालक, आता दगडाचा नंबर हाय. तुमच्या चपला मागं ठिवा.”

सरपंचांनी चपला काढून रांगेच्या शेवटी ठेवल्या.

हे ऐकून नात लगेच बूट काढायला लागली. मी तिला थांबवलं. बूट ठेवता येतील हो, पण ती पाळणेवाली कुठून आणायची?