सव्वा पान

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. काउंटरवर कपडा आला की वहिनी आधी खिसे चाचपतात, कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचतात आणि मग डागावर बोट ठेवून विचारतात, "काय सांडलं?" सगळं त्यावर अवलंबून. तेलाचं औषध वेगळं, शाईचं वेगळं. न विचारता इस्त्री फिरली तर डाग जन्माचा पक्का.

याच वहिनींनी मुलगी कॉलेजात गेल्यावर संध्याकाळच्या लॉ कॉलेजात अर्ज करायचं ठरवलं. अर्जासोबत स्वतःविषयी निवेदन हवं होतं: वकिली का शिकायची, आजवर काय केलं. 'जास्तीत जास्त दोन पानं' एवढीच सूचना. अडचण वेगळीच होती. लग्नाआधी वहिनी कायद्याच्याच पहिल्या वर्षात नापास होऊन घरी बसल्या होत्या. जुनं गुणपत्रक जोडायचंच होतं, त्यामुळे लपवायची सोय नव्हती. ते पाहून कॉलेज दारातूनच परत पाठवेल, ही धास्ती.

"दोन पानं दिलीत ना? दोन्ही भर," धाकटे दीर म्हणाले. ते विम्याच्या पॉलिसी विकतात. "आमच्याकडे अडचणीचं कलम कुठे असतं? मधोमध. वाचणारा तिथवर येतो तेव्हा पेंगलेला असतो."

"तुम्हाला दांडगा अनुभव, भावोजी," वहिनी म्हणाल्या. पण सल्ला मनात भरला.

मग घरादाराने हातभार लावला. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तू त्या डॉक्टरला कसलं धारेवर धरलंस. ते घाल." नवऱ्याला वहिनींची शाळेतली पाठांतर स्पर्धा आठवली. मुलीने सुचवलं, "लहानपणापासून न्यायाची आवड होती, असं लिही."

"लहानपणी मला आवड होती ती झोपेची."

तरी तेही निवेदनात गेलं. नापास झाल्याची ओळ गुडघे आणि पाठांतर स्पर्धा यांच्यामध्ये अशी दडपून बसवली की शोधणाऱ्यालाही सापडू नये. दोन्ही पानं शिगोशीग भरली. वाचताना मात्र वहिनींना कसंसंच व्हायचं, दुसऱ्याच कुणाचे कपडे अंगात घातल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गृहस्थ कोट घेऊन आले. कापड साडूने दिलेलं, शिवला कुणी, घातला कोणत्या लग्नात, सगळं सांगू लागले. मागे रांग वाढली.

"काका, काय सांडलं?"

"तेच सांगतोय. तर आमचे साडू म्हणजे..."

"साडूंना नंतर धुऊ, काका. आधी कोटावर काय सांडलं ते सांगा."

काकांनी मागे पाहिलं, टाळूवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "कलप."

"मग बघता येईल. सगळा निघेलच असं नाही सांगत."

काकांचे खांदे एकदम सैल झाले. साडूंचं नावही न काढता ते पावती घेऊन निघून गेले. चिठ्ठी टाचता टाचता वहिनींचा हात थांबला. आपले गुडघे, आपली पाठांतर स्पर्धा... सगळा साडूच की.

दुपारी डबा बाजूला सारून त्यांनी नव्याने सुरुवात केली. पहिलीच ओळ: 'लग्नाआधी मी कायद्याच्या पहिल्या वर्षात दोन विषयांत नापास झाले आणि लाजेपोटी पुन्हा परीक्षेला बसले नाही.' मग काउंटरवरची भांडणं, आणि ती मिटवता मिटवता जुनी इच्छा कशी वर आली ते. सव्वा पानात लिहायचं संपलं. उरलेला कोरा भाग त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला, पण घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"एवढी जागा फुकट घालवलीस?" दीर म्हणाले.

"ताटात जागा आहे म्हणून वाढत नाहीत, भावोजी. भूक बघतात."

बोलल्या खऱ्या, पण मुलाखतीला जाताना वाटेत सव्वा पान तीनदा वाचून काढलं. टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या बाईंनी पहिलंच विचारलं, "कोणते दोन विषय?"

वहिनींनी सांगितले.

"या वेळी राहिले तर?"

"परत बसेन. तेव्हा लाज वाटली. आता रोज लोकांचे डाग बघते, लाज मोडलीय."

बाई हसल्या. नंतर सगळं बोलणं दुकानाविषयीच झालं. निघताना उजवीकडच्या सरांनी बाहीवरचा डाग पुढे केला, आणि वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "काय सांडलं?"

आठवड्याने प्रवेशाची यादी लागली. स्वतःचं नाव दिसल्यावर वहिनी कॉलेजच्या पायरीवर पर्स मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. येणारेजाणारे बाजूने जात होते. घरी फोन करायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी आधी तोंड गोड केलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "त्यात माझे गुडघे होते ना गं?"

"काढून टाकले, आई."

सासूबाई पाय लांब करून म्हणाल्या, "बाई, बरं केलंस. मला मेलीला इतके दिवस धाकधूक, कोण कोण वाचतंय म्हणून."