उलट्या पावली मनकर्णाबाई

आमच्या सासूबाईंना, मनकर्णाबाईंना, कुणी "बसा" म्हटलेलं खपत नसे. लगेच म्हणायच्या, "काऊन बसू? माहे पाय का भाड्यानं आणेल हायेत?" आमच्या बीबी गावात लग्न होऊन आल्या तेव्हापासून ही बाई उभीच. विहिरीवर उभी, वावरात कापूस वेचताना कमरेत वाकलेली, आणि भारा डोक्यावर आला की पुन्हा ताठ उभी. मी, कोकिळा, सून म्हणून या घरात आले आणि त्यांना आत्याबाई म्हणू लागले, तर पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या हातातली घागर हिसकून घेतली. म्हणे, तुझी चाल पाहून पाणी घरी पोचेल याचा भरोसा नाही! असा राग आला मला, की काय सांगू. पण त्या पुढं चालू लागल्या आणि मी पाहतच राहिले. डोक्यावर दोन घागरी, आणि एक थेंब सांडेल तर शपथ.

अशा बाईचे गुडघे गेले. एकटीचे गेले असते तरी चाललं असतं, पण त्याच हिवाळ्यात मामंजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचेही गेले. निवृत्तीबुवा म्हणत त्यांना गावात. मग काय विचारता! दिवसभर घरात एकच चढाओढ, कुणाचं जास्त दुखतं.

"तुमचं काय दुखते? तुमी तर बैलबंडीत बसून फिरता," आत्याबाई म्हणायच्या.

"अन् तुहं दुखत असतं, तर तू अशी फौजदारावानी चालली असती काय वं?"

मामंजींचंही खोटं नव्हतं. ते काठी टेकत, दुखरा पाय बाहेर फेकत, सगळं अंग एका बाजूला टाकत चालायचे. पायात जोर म्हणून लावायचाच नाही, असं जणू ठरवलेलं. आत्याबाईंचं उलटं. काठीला हात लावायच्या नाहीत, आणि मांडीपासून पोटरीपर्यंत सगळा पाय आवळून धरून पाऊल टाकायच्या. बघणाऱ्याला वाटावं, हिला काही झालेलंच नाही. फक्त उंबरा ओलांडताना तोंडातून बारीकसा "अगं माय" निघायचा, आणि तो ऐकणारी मी एकटी.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारपणी गुडघे सगळ्यांचेच दुखतात, त्यात एवढं काय? तर त्यात आत्याबाईंची बहीण होती.

मोठी बहीण अन्नपूर्णाबाई, आत्याबाईंची अक्का. तिला दिली होती हद्दीपलीकडं, निजामाच्या मोगलाईत. तिचा नवरा कडूबा आणि आमचे मामंजी यांची बोलाचाल बंद होती. का? तर एका शंकरपटाच्या शर्यतीत कुणाच्या बैलांचं नाक आधी पुढं गेलं यावरून! ते बैल कधीचे मेले, पण भांडण चांगलं खाऊनपिऊन धडधाकट. ना निरोप, ना येणंजाणं. दोघी बहिणी वर्षातून एकदाच भेटायच्या. नवरात्रात लोणारच्या तळ्याकाठी कमळजेची जत्रा भरते, तिथं देवीच्या दारात. देवीला जायला कुठला नवरा नाही म्हणतो? आणि हे देऊळ आहे पार खाली, त्या मोठ्या खोल खळग्याच्या तळाशी. जायचं तर दगडधोंड्यांची उतरण उतरूनच. मागच्या साली निघताना अक्का म्हणाली होती, "मनू, आता माहा काई भरोसा नाई. पुढल्या साली ये बरं." तेव्हापासून आत्याबाईंच्या मनात तेवढं एकच होतं, काहीही होवो, उतरायचं.

गावात बद्रुद्दीन पहिलवान होते. तरुणपणी कुस्त्या मारलेल्या, आता लोकांची हाडं बसवायचे, मालीश करायचे. त्यांनी ओसरीवर मामंजींचा पाय दाबून पाहिला आणि म्हणाले, "चाचा, तुमची मांडी झोपली. गुडघ्याचा भार मांडीनं उचलाव लागते. तिले उठवा." भिंतीला टेकून बसायचं, पाय लांब करायचा, मांडी आवळून धरायची, मग सोडायची. पुढं पावलावर वाळूची पिशवी ठेवून पाय उचलायचा. मामंजी कण्हत कुथत करत राहिले, आणि खरंच, महिन्या-दोन महिन्यांत त्यांची काठी नुसती शोभेला उरली.

आत्याबाई दाराआड उभ्या. त्यांनी मामंजींना विचारायला लावलं, "अन् बायानं काय कराव?"

"चाचीनं बी तेच कराव," पहिलवान म्हणाले. "गुडघा म्हंजे गुडघा."

झालं! आत्याबाईंनी मामंजींच्या दुप्पट सुरू केलं. त्यांच्यापेक्षा मोठी पिशवी, त्यांच्यापेक्षा जास्त वेळ. दात ओठ खाऊन आवळत बसायच्या. आणि गुडघे सुजायला लागले. पोळा झाला, गणपती झाले, आणि आता तर अंगणातून चुलीपर्यंत येताना भिंत धरावी लागे. मामंजी म्हणायचे, "तू बराबर करत नसशीन." त्या दिवशी ताटात त्यांना भाजी अळणी मिळाली.

आमच्याकडं रीत अशी, की सासूचे पाय सून दाबते आणि सासऱ्याचे लेक. त्यामुळं एकाच घरातल्या दोन माणसांचे पाय, पण दोन्ही पाय ठाऊक असलेला माणूस घरात नाही. एका संध्याकाळी मी आणि आमचे हे गोठ्यात वैरण टाकत होतो. हे सहज बोलले, "बाबाची मांडी आता कुठं भरून राह्यली. आधी तं भिजेल कापसावानी लिबलिबीत होती."

मी म्हटलं, "लिबलिबीत? आत्याबाईची तं लाकडावानी हाये. झोपल्या तरी लाकूडच!"

यांनी हातातली पेंडी तिथंच टाकली. आणि हे थेट पहिलवानांकडं गेले. पहिलवानांनी म्हणे कपाळावर हात मारून घेतला आणि हसत सुटले. "अरे बाप्पा! म्या बाईचा पाय कधी पाह्यला काय? चाचाची मांडी कामावर येत नाई, अन् चाचीची घरी जात नाई! झोपला त्याले उठवा. पण जे जागूनच राह्यलं, त्याले आणखी उठवसान तं काय होईन? तिले पह्यले सोडायले शिकवा."

सोडायला! आत्याबाईंना! या बाईनं आयुष्यात ना कधी घागर सोडली, ना हट्ट सोडला, ना आम्हाला सोडलं. मी गरम विटेचा शेक द्यायची, त्यांना खाटेच्या काठावर पाय लोंबते सोडून बसवायची आणि म्हणायची, "सोडा आत्याबाई."

"सोडलीच हाये न!"

हात लावावा तर दगड. मी चिडायची, त्या माझ्यावर चिडायच्या. एकदा कंटाळून मी उठले आणि मामंजी आधी कसे चालायचे त्याची नक्कल केली. काठी, फेकलेला पाय, वाकडं तोंड, सगळं. आत्याबाई खो खो हसायला लागल्या. मी पटकन मांडीवर हात ठेवला. मऊ! मी ओरडले, "सुटली! सुटली!" आणि नेमके मामंजी दारात. "काय सुटली? गाय?" मग तर आम्हा दोघींना बोलणंच सुधरेना.

तेव्हापासून रोज शेक, रोज हसणं, आणि मग थोडं थोडं चालणं. घटस्थापनेपर्यंत अंगण त्यांच्या ताब्यात आलं. पण अंगण वेगळं आणि लोणारची उतरण वेगळी.

"तू घरीच राह्य," मामंजी म्हणाले. "मी सांगतो अन्नपूर्णाले."

"तुमी तिच्या नवऱ्याशी बोलत नाई, अन् तिच्याशी काय बोलसान? बंडी जुंपा."

लोणारला पोचलो तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. माणसांची रीघ लागली होती, सगळी खाली निघालेली, वर येणारं अजून कुणी नव्हतं. मामंजी तर काठी खांद्यावर टाकून पुढं झाले. आमचे हे बैलांपाशी थांबले. मी ओटीची पिशवी घेतली आणि आत्याबाईंचा हात धरला.

पहिले काही दगड जमले. मग पुढचा धोंडा जरा उंच निघाला, आणि त्यांचे पाय पुन्हा आवळले गेले. खाली पाऊल टाकायला जावं की गुडघ्यातून कळ. मी म्हटलं, हसा. त्यांना हसू येईना. मागून लोक ढकलत होते. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "अक्का वाट पाहत असंन वं," त्या म्हणाल्या. मला इतकं वाईट वाटलं, की वाटलं, पाठीवर घ्यावं या बाईला.

शेवटी त्या वर जायला वळल्या. तोंड चढाकडं, दोन्ही हात समोरच्या धोंड्यावर. तेवढ्यात मागचा पाय घसरला आणि अलगद खालच्या दगडावर टेकला. मी घाबरले. त्या तशाच उभ्या. मग म्हणाल्या, "कोकिळे, दुखलं नाई."

"काय?"

"अवं, दुखलं नाई म्हणतो मी!" त्यांनी दुसरा पाय मागं सोडला. तोही टेकला. "अशीच जातो. तू मागून दगड पाह्य."

आणि आमच्या आत्याबाई उलट्या उतरायला लागल्या. जत्रा बघायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "अवं बाई, देवीकडं पाठ करून काऊन चालली? पाप लागते न!" आत्याबाई म्हणाल्या, "तू तुह्या पायाकडं पाह्य, पडशीन." मी लाजेनं अर्धी झाले, पण मनातून म्हटलं, शाब्बास!

एका वळणावर त्या एकदम थांबल्या. मान वर. मला वाटलं, दम लागला.

"अक्का," त्या हळूच म्हणाल्या. मग मोठ्यानं ओरडल्या, "अक्का वं!"

मी वळून पाहिलं. वर काठाला, वाटेपासून बाजूला, एका कडुनिंबाखाली एक म्हातारी पाय लांब करून बसली होती. आम्ही तिच्या बाजूनंच आलो असणार. पण उतरताना प्रत्येकाची नजर आपल्या पायापुढच्या दगडावर, काठाला कोण बसलंय ते कोण बघतं? ती उठायला धडपडत होती, आणि तिला उठता येत नव्हतं.

चढताना आत्याबाईंनी माझा हातसुद्धा घेतला नाही. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मग इतक्या मोठ्यानं रडल्या की माझंही रडू थांबेना. अन्नपूर्णाबाईचेही गुडघे गेलेले. कडूबांनी तिला तिथं टेकवलं होतं आणि "तुही बहीण खाली दिसली तं सांगतो" म्हणून ते उतरून गेले होते.

दोघींच्या ओट्या घेऊन मी एकटी खाली गेले. देवळापाशी बघते तर काय! मामंजी आणि कडूबा समोरासमोर उभे. मामंजी विचारत होते, "अन्नपूर्णा कुठी हाये?" आणि कडूबा विचारत होते, "तुमची मनकर्णा कुठी हाये?" इतक्या वर्षांनी पहिलं बोलणं झालं ते हे. मी दोघांना वर आणलं. निम्म्या वाटेत बैलांचा विषय निघाला आणि दोघं पुन्हा भांडायला लागले, पण आता निदान तोंडानं भांडत होते. बायांनी पुढच्या साली भेटायचं ते आता इथं नाही, एकमेकींच्या घरीच, असं कडूबाच म्हणाले.

ती मघाची म्हातारी दर्शन करून परत वर आली. आम्हाला बसलेलं पाहून थांबलीच. "पाठ बी केली, अन् दर्शन बी नाई घेतलं? हे कायची जत्रा झाली वं?"

आत्याबाईंनी तोंड उघडलं होतं. पण अक्कानं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि तीच बोलली.

"सकाळपासून इथं बसली हो मी. जो तो पाठ दाखवून खाली चालला. पाठीच पाठी. म्हटलं, आली बी असंन मनू, तरी मले कशी दिसंन? अन् एवढ्या जत्रेत एकच तोंड माह्याकडं होतं बाई. एकच."